रतनबाईची रेघ

१

चहा गार व्हायच्या आत मी खोटी सही ओळखते, असं लोक सांगतात. लोकांचं ऐकू नका. वेळ लागतो, मान आखडते, डोळ्यांची आग होते, आणि एवढं करून वकील विचारतो, "मॅडम, शंभर टक्के ना?" शंभर टक्के काय? मी काय दूध मोजते?

मी सारा भिंगारदिवे. वादातले कागद तपासायच्या सरकारी खात्यात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि आता नगरला सावेडीत माझ्याच घराच्या वरच्या खोलीत तेच काम खासगीत करते. नगरचं अहिल्यानगर झालं, माझ्या तोंडात अजून नगरच येतं. खोलीत मोठं टेबल, सूक्ष्मदर्शक, तिरपा उजेड पाडायचे दिवे आणि एक लोखंडी कपाट आहे. कागद बाहेर असताना मी पंखा लावत नाही, भर उन्हाळ्यातही नाही. त्यामुळे खोलीत शांतता असते. ती शांतता मला आवडायची.

रतनबाईंचे कागद कोर्टाच्या हुकमाने माझ्याकडे आले होते. रतनबाई राहात्याजवळ स्वतःच्या पेरूच्या बागेत एकट्या राहतात. नवरा गेला, मूलबाळ नाही. पुतण्या कल्याण म्हणतो, बाग आणि घर काकीने मला कधीच लिहून दिलंय. आणि त्याने स्टँपपेपरवरचं एक वाटणीपत्र पुढे केलंय. त्यावर रतनबाईंची सही आहे. ती सही खरी ठरली तर या बाईला सत्तरीच्या उंबरठ्यावर पिशवी उचलून घराबाहेर पडायचं होतं. इतकं सरळ.

माझी एक सवय आहे. कागद बघण्याआधी मी माणसाला विचारते, लिहायला कुठे शिकलात? रतनबाई पहिल्याच भेटीत पदर सावरत म्हणाल्या होत्या, "साक्षरतेच्या वर्गात, ताई. लगीन होऊन लई वर्षं झाल्ती. तवर आंगठाच. आमच्या बाई म्हनायच्या, आधी दोरी बांधा, मग कपडे वाळत घाला. मी आजून तसंच काढते."

म्हणजे काय, ते त्यांनी बोटाने टेबलावर काढून दाखवलं. आपण सगळे आधी अक्षरं लिहितो आणि मग त्यांच्या डोक्यावरून शिरोरेघ ओढतो. रतनबाई आधी लांब रेघ ओढतात, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगतात.

"पयल्यांदा नाव लिव्हलं ते बागंतल्या हौदावर," त्या म्हणाल्या. "गवंड्यानं सिमिट ओलं हाय तवर खिळा दिला हातात. मालक म्हनले, लिही तुजं नाव, हौद तुजाच."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की मला त्या माणसाचा, कधी न पाहिलेल्या त्यांच्या नवऱ्याचा, आदर वाटला.

रतनबाई लिहिताना पेन दाबतात, कागदाला चर पडतो. त्यामुळे कोणती रेघ आधीची आणि कोणती नंतरची, हे तिरप्या उजेडात दिसतं. बचत गटाच्या नोंदवहीतल्या, बँकेतल्या, दूध संस्थेतल्या सगळ्या सह्या मी पाहिल्या. सगळीकडे रेघ खाली, अक्षरांच्या दांड्या तिला कापून वर. मग वाटणीपत्र ठेवलं. आकार हुबेहूब, वळणं हुबेहूब, आणि शिरोरेघ अक्षरांच्या डोक्यावरून गेलेली. काचेवर कागद धरून कोणीतरी सहीचं चित्र उचललं होतं. हात कसा चालतो, हे त्याने कधी बघितलंच नव्हतं.

मी रतनबाईंच्या वकील सुरेखा यांना फोन केला. "खोटी आहे. अहवाल देते."

कागद लखोट्यात घालून कपाटात ठेवताना आतून सर्रकन् घासल्याचा आवाज आला. कागदावर कागद आहेत, घासणारच.

२

अहवाल लिहायच्या आधी मी सकाळी पुन्हा एकदा सगळं बघते. रात्रीची झोप मध्ये गेली की डोळा प्रामाणिक होतो.

बचत गटाची नोंदवही भिंगाखाली घेतली. शिरोरेघ अक्षरांवरून गेली होती.

मला वाटलं, चुकून वाटणीपत्रच ठेवलंय. नाही. नोंदवहीच होती, मागे गटाचा गोल शिक्का होता. पुन्हा पाहिलं. दिवा दुसऱ्या बाजूने पाडला. त च्या दांडीवरून रेघ सरळ पुढे गेलेली, चर वरून पडलेला. शेजारी माझ्याच पेन्सिलची टिपणाची चिठ्ठी: "रेघ आधी."

मग दुसरी, तिसरी. लखोट्यात जे कागद वाटणीपत्राला चिकटून होते, त्यांच्यावरच्या सह्या फिरल्या होत्या. दूर होते ते अजून कालच्यासारखेच होते.

काल संगणकात फोटो घेतले होते, ते उघडले. फोटोतही तेच. फोटो खोटं बोलत नाही म्हणतात, म्हणजे खोटं मीच बोलत होते.

मी स्वतःला चांगलं फैलावर घेतलं. सारा, वय झालं तुझं. मोतीबिंदूचं डॉक्टरांनी सांगितलंय, तू ऐकत नाहीस. काल तुला जे बघायचं होतं ते तू बघितलंस, कारण ती बाई तुला आवडली. हे सगळं शक्य होतं. माझ्यासारखी तज्ज्ञ समोरच्या पक्षाने आणली असती तर मी तिच्याबद्दल हेच म्हटलं असतं.

पण मग उरलेल्या सह्या कालच्यासारख्या का होत्या? मोतीबिंदू काय कागद निवडून येतो?

मी वाटणीपत्र उचललं, जिना उतरून स्वयंपाकघरात गेले, बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ते ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. हे शहाणपणाचं होतं की नाही, मला माहीत नाही. नियमाला धरून तर अजिबात नव्हतं.

३

दुपारी मी दूध संस्थेच्या पावतीवरची सही भिंगाखाली ठेवली. तिच्यात रेघ अजून आधीचीच, दांड्यांखाली होती. ठरवलं, आता डोळा काढायचा नाही. बघूच काय होतं ते.

बाहेर ऊन रणरणत होतं. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. मग तोही आवाज संपला.

आणि खाली, स्वयंपाकघरात, बंद डब्यात, सर्र.

घाईचा आवाज नव्हता तो. पेन टेकवून डावीकडून उजवीकडे सावकाश ओढल्याचा होता, आणि पत्र्याच्या डब्यात तो घुमत होता. त्याच वेळी भिंगाखाली र च्या डोक्यावर शाई हलली.

मी पाहिलं ते सांगते, त्याहून जास्त नाही. रेघ र वरून चढली. तिच्या पुढच्या टोकाशी कागद किंचित दबत होता, जसा पेनच्या टोकाखाली दबतो. पेन नव्हतं. हात नव्हता. रेघ त च्या दांडीपाशी आली आणि थांबली. मी बघतेय हे तिला कळल्यासारखी थांबली. मी श्वास रोखून धरला होता, पापणीही हलवत नव्हते. शेवटी पापणी लवलीच. परत पाहिलं तेव्हा रेघ ई च्या पार पुढे गेली होती.

मी घाबरले, हे लपवत नाही. पण त्याहून जास्त मला राग आला. माझ्या खोलीत, माझ्या भिंगाखाली, माझ्या नाकावर टिच्चून?

"कोण आहे रे?" मी मोठ्याने ओरडले.

मी खाली जाऊन वरण-भात वाढून घेतला आणि डब्याकडे पाठ करून जेवायला बसले. भीती वाटली म्हणून जेवण सोडायचं, हे मला जमत नाही.

४

कागद गेले तरी माणूस आहे, असा मी विचार केला. रतनबाईंना माझ्यासमोर ताज्या सह्या करायला सांगायच्या. सुरेखा त्यांना घेऊन आल्या. रतनबाईंनी पिशवीतून पेरू काढून टेबलावर ठेवले, त्या वासाने खोली भरून गेली आणि मला जरा धीर आला.

कोरा कागद दिला. रतनबाईंनी पेन धरलं, दाबलं, आणि लिहिलं: र, त, न, बा, ई. मग हात डावीकडे नेला आणि वरून रेघ ओढली. सर्र.

सुरेखा मोबाईलमध्ये बघत होत्या, त्यांना काही कळलं नाही.

"आक्का," मी म्हटलं, "दोरी आधी ना?"

"कंची दोरी?"

"तुमच्या बाईंनी शिकवलं होतं. आधी दोरी बांधायची."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आठवायचा प्रयत्न करत होत्या, ते मला दिसत होतं. "न्हाई वो ताई. मी कायम असंच काढते. वर्गात..." त्या थांबल्या. "वर्गात कोन शिकवायला हुतं, त्ये बी आठवंना झालंय बगा."

मी पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा तसंच. पुन्हा. शेवटी रतनबाईंनी पेन खाली ठेवलं आणि आपला उजवा हात डाव्या हाताने धरला, अंगणात परकं जनावर शिरल्यावर बघतात तसं त्या त्याच्याकडे बघू लागल्या.

"ताई," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ह्यो हात माजा न्हाई वाटत."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्तापर्यंत मला वाटत होतं की प्रश्न बागेचा आहे. या बाईने लग्न झाल्यावर किती वर्षांनी, चार बायकांत बसून, अंगठा सोडून एक सही कमावली होती. आता तिच्या डोक्यातूनच ती कोणीतरी उचलून नेत होतं. मला इतका संताप आला, की मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

"हौद आठवतो का, आक्का?" मी पाठमोरीच विचारलं. "बागेतला?"

"हौद हाय की," त्या म्हणाल्या. "मालकांनी बांधलेला. त्येच्यावर माजं नाव हाय."

नाव आठवत होतं. सिमेंट त्या वाटणीपत्राच्या शेजारी कधी लखोट्यात पडलं नव्हतं.

सुरेखांना मी एवढंच सांगितलं, की कोर्टात अर्ज करा, जागेवर जाऊन पाहणी करायला कमिशनर नेमून घ्या. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "माझ्या अहवालाला आधार त्या हौदावर आहे. बाकी विचारू नका." सगळे कागद मी सीलबंद करून कोर्टाला परत पाठवले. वाटणीपत्र डब्यातून काढताना हातात रबरी मोजे घातले. काही उपयोग नसणार, पण घातले.

५

पाहणीची तारीख पडली आणि कल्याण माझ्या दारात आला. चाळिशीचा, बी.कॉम. झालेला, इस्त्रीचा शर्ट. दाढी मात्र वाढलेली. विरोधी पक्षाच्या माणसाला मी घरात घेत नाही. मी दारातच उभी राहिले.

"मॅडम, सही खरी हाय म्हनून लिहून टाका," तो म्हणाला.

"चालायला लाग."

"पैसं द्यायला न्हाई आलो मी." तो पायरीवर बसला. "मॅडम, म्या केली ती सही. तुमाला कळलंच आसंल. खिडकीच्या काचंवर धरून केली. पर एकच केली. एकच. बाकीच्या म्या न्हाई केल्या."

"कोणत्या बाकीच्या?"

त्याने खिशातून घडी केलेले कागद काढले. गॅसची पावती, मुलीच्या शाळेचा अर्ज, बँकेचा फॉर्म. जिथे जिथे त्याची सही हवी, तिथे निळ्या शाईत, दाबून, हुबेहूब: रतनबाई.

"पेन धरलं की येवढंच येतं," तो म्हणाला. "दुसरं काय लिव्हताच येत न्हाई. बायकोला वाटतं मी येडा झालो. मॅडम, तुमी खरी म्हनून लिव्हलं की मिटंल. त्याला तेवढंच पायजे."

"कोणाला?"

त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याची पाचावर धारण बसली होती. "मला काय म्हाईत? म्या कोनाला बोलावलं न्हाई."

खरं सांगते, मला तो विचार पटला. क्षणभर अगदी पटला. आता सगळे कागद तेच म्हणत होते, बाईचा हातही तेच म्हणत होता, मी एक ओळ लिहिली की तज्ज्ञ म्हणून मी बरोबरच ठरणार होते. वरच्या खोलीत पुन्हा शांतता आली असती. आणि रतनबाई कोणाच्या तरी पडवीत, स्वतःच्या हाताकडे बघत बसल्या असत्या.

"ऊठ," मी म्हटलं. "जे कोण असेल त्याला सांग, सारा भिंगारदिवेने आयुष्यभर खोट्याला खोटं म्हटलंय. कागद फिरला, हात फिरला, मी फिरायची नाही. आणि तू पाहणीला ये. तोंड लपवू नकोस."

दार लावलं आणि मी दाराला टेकून खालीच बसले.

६

राहात्याच्या बागेत आम्ही सकाळी पोचलो. पेरूची झाडं खाली वाकलेली, पोपटांचा कलकलाट, मोटार चालू. हौद बागेच्या मध्यावर होता, शेवाळलेला, कडेला एक टवका उडालेला. वरच्या काठावर नाव होतं. मी गुडघ्यावर बसले, बोट फिरवलं.

रेघ आधी. ओल्या सिमेंटमध्ये खिळ्याने ओढलेली लांब रेघ, जराशी वाकडी, आणि तिला कापून खाली उतरलेल्या दांड्या. जिथे दांडी रेघेला कापते तिथे सिमेंटचा इवलासा कण उचलून आलेला. कोणा शाळकरी पोरालाही दिसेल असं. मला तिथेच रडू आलं, आणि मी ते पुसत बसले नाही.

कमिशनर आले. तरुण वकील, उन्हाने हैराण. मागून कल्याण. रतनबाई पदर तोंडाला लावून झाडाखाली उभ्या होत्या.

"तुलना करायची आहे ना?" म्हणत कमिशनरांनी बॅग उघडली आणि वाटणीपत्र काढून हौदाच्या काठावर, नावाच्या अगदी शेजारी ठेवलं. उडू नये म्हणून वर एक पेरू ठेवला.

मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पोपट गप्प झाले. मोटार चालू होती तरी तिचा आवाज लांब गेला. आणि सर्र.

र च्या डोक्यावर सिमेंटची बारीक पूड उठली.

मी हात टेकवला. विचार केला नाही. उजवा तळवा पसरून नावावर दाबला, पूर्ण वजन टाकून.

"मॅडम, हात काढा, फोटो घ्यायचाय," कमिशनर म्हणाले.

"थांबा."

ती माझ्या तळव्याखाली आली. अंगठ्याच्या बाजूने शिरली, थंड, खिळ्याच्या टोकाएवढी. दगडावरून ओढावी तशी सावकाश, दाबून चालली. मी हात उचलावा म्हणून ती थांबली. मी उचलला नाही. मग ती पुढे सरकली. तळव्याच्या मध्यावर आली तेव्हा माझ्या दाढा एकमेकींवर घासत होत्या, आणि मला स्पष्ट जाणवलं, की सिमेंटच्या त्या बाजूनेही, खालून, कोणीतरी हात टेकवलाय. माझ्या हाताएवढाच हात, बोटाला बोट लावून.

"मॅडम?"

"थांबा म्हटलं ना!" मी ओरडले. ते कमिशनरांसाठी नव्हतं.

"काकी, चुकलो," मागे कल्याण कुठेतरी म्हणत होता. "काकी, चुकलो मी."

रेघ करंगळीच्या मुळाशी पोचली आणि संपली. पोपट पुन्हा ओरडू लागले. मी हात उचलला. खाली नाव जसंच्या तसं होतं. रेघ आधी, अक्षरं नंतर.

"घ्या आता फोटो," मी म्हटलं. "जवळून घ्या. आणि तो कागद उचला तिथून."

फोटो झाले. पंचनामा लिहून झाला. कमिशनरांनी पेन आधी रतनबाईंना दिलं. त्या हौदाच्या काठावर वाकल्या, नावाकडे एकदा बघितलं, पेन दाबलं आणि आधी लांब रेघ ओढली. मग तिच्याखाली सावकाश एकेक अक्षर टांगलं. मान वर करून माझ्याकडे बघून हसल्या. "सुमनबाई," त्या म्हणाल्या. "आमाला शिकवायला सुमनबाई हुत्या."

कल्याणने पेन घेतलं नाही. त्याने अंगठा पुढे केला. बी.कॉम. माणसाचा अंगठा कमिशनरांनी शाईत बुडवला.

मग माझी सही. मी सहीला कधीच शिरोरेघ देत नाही, घाईत लिहिते, नागडी अक्षरं. तशीच केली आणि परत आले. माझ्या उजव्या तळव्यावर आता आडवी रेघ आहे, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत सरळ. जखम नाही, दुखत नाही.

निकाल रतनबाईंच्या बाजूने लागला. पेरू येतात अधूनमधून. वरच्या खोलीत मी अजून काम करते. संध्याकाळी अहवालावर माझी सही करते, बिनरेघेची. रात्री कपाटात सर्र होतं. सकाळी बघते तर माझ्या नावाच्या डोक्यावरून रेघ गेलेली असते.

मी तो कागद फाडते, नवा घेते, पुन्हा सही करते. बिनरेघेची. बघू, आधी कोणाचा हात दुखतो.